नऊ मिनिटं दहा सेकंद

"बाबा, हा कॉम्प्युटर चालू होतोय, की व्हायचं की नाही यावर त्याचा अजून विचार चाललाय?" अनिरुद्धने विचारलं.

भीमराव मेश्रामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चार मिनिटं वीस सेकंद झाली. अजून चार मिनिटं पन्नास सेकंद लागतील. बस."

अनिरुद्ध हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, राहायला वाकडला होता आणि दर रविवारी विश्रांतवाडीला आई-बाबांकडे जेवायला यायचा. त्या रविवारी त्याला जेवणाआधी फक्त एक मेल पाठवायची होती. मेल दोन ओळींची होती. ती जाईपर्यंत पोळ्या गार झाल्या.

कॉम्प्युटर मूळचा त्याचाच. नव्व्याण्णव साली, तो इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. पुढे नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला आणि हे धूड घरी राहिलं. घर सोडताना त्याने जाता जाता एक सत्कृत्य केलं होतं. जुनं विंडोज काढून त्या मशीनवर नवीन एक्सपी घातलं होतं, वर अँटीव्हायरस. तेव्हापासून बटण दाबलं की मशीन आधी घरघरायचं, मग थोडा वेळ गप्प राहायचं, मग पुन्हा घरघरायचं.

"यात रॅम टाका," तो ताटावर बसता बसता म्हणाला. "चौसष्ट एमबीवर एक्सपी चालवताय तुम्ही. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

"रॅम म्हणजे नेमकं काय?" भीमरावांनी विचारलं. ते कुठलाही प्रश्न 'नेमकं' लावूनच विचारायचे.

"मेमरी. म्हणजे बघा, हार्ड डिस्क हे आपलं कपाट आहे. सगळं सामान त्यात. आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम करायचं तर कपाटातून काढून ओट्यावर घ्यावं लागतं. आता ओटाच वीतभर असेल तर एक डबा काढा, तो परत ठेवा, दुसरा काढा, असं चालतं. त्यात वेळ जातो."

"मी वीस वर्षं क्वार्टरमधल्या वीतभर ओट्यावर रांधलं," राधाबाई भाजी वाढत म्हणाल्या. "तुम्ही काय उपाशी राहिले का?" पुण्यात येऊन पस्तीस वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यात मधूनच भंडारा डोकवायचा.

"तसं नाही गं आई. वाढवली की मिनिटभरात चालू होईल."

"मिनिटभरात चालू होऊन करायचं काय पण?"

भीमराव तोवर घास हातात धरून विचारात पडले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. तिथे साधं मोजमापाचं उपकरण बदलायचं असलं तरी कुणाच्या मनात आलं म्हणून बदलत नसत. आधी निरीक्षण, मग नोंद, मग सरासरी, मग निर्णय. त्यांच्या आयुष्यात काही गोष्टी पक्क्या होत्या, त्यांतली ही एक.

"बघू," ते म्हणाले. "आधी तीस दिवस निरीक्षण करू."

"बाबा, रॅम बसवायला दहा मिनिटं लागतात."

"बसवायला. बसवायची का, हे ठरवायला तीस दिवस."

दुसऱ्या दिवशी घरात एक लांबट रजिस्टर आलं. भीमरावांनी पट्टीने रकाने आखले. तारीख, बटण दाबल्याची वेळ, लागलेला वेळ आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना त्यांनी सवयीने सगळ्यांत रुंद ठेवला.

रोज सकाळी साडेसातला बटण दाबायचा रिवाज त्यांच्याकडे आधीपासूनच होता. मुलगी कल्याणी मेलबर्नला होती आणि तिची मेल रात्रीतून यायची. भीमरावांनी बटण दाबलं की तो आवाज ऐकून राधाबाई आत चहाचं आधण ठेवायच्या. पडद्यावर निळं चित्र उमटेपर्यंत चहा गाळून व्हायचा. मग कपबशा घेऊन त्या बाहेर यायच्या, शेजारच्या खुर्चीवर बसायच्या, आणि पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत असताना दोघं चहा प्यायची. अशी नऊ मिनिटं आणि वर काही सेकंद जायचे.

हे ऐकायला काही विशेष वाटत नाही. पण राधाबाईंच्या बाजूने बघितलं तर गोष्ट वेगळी होती. लग्नानंतर चौतीस वर्षं भीमराव पाळीवर होते. फर्स्ट शिफ्टला चहा थर्मासमधून जायचा, नाइटहून आले की घोरत पडायचे. निवृत्त झाल्यावर तरी माणूस घरात बसेल असं त्यांना वाटलं होतं. पण निवृत्त झालेला तपासनीस मोकळा झाला की तो सबंध सोसायटीचा होतो. पाण्याची टाकी, विहारातल्या वाचनालयाची पुस्तकं, कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण, सगळीकडे भीमराव. दिवसभरात ते एका जागी बसायचे ते फक्त साडेसातनंतरची नऊ मिनिटं, कारण कॉम्प्युटर चालू होईपर्यंत उठता यायचं नाही. राधाबाईंना ती नऊ मिनिटं हवी होती. असं तोंडाने सांगणं त्यांना या वयात शक्य नव्हतं, म्हणून त्या भलतीच कारणं द्यायच्या.

"चालतंय ना मशीन. कायले हात लावता?"

"कारण?"

"कारण काय बाप्पा, बिघडलं तर?"

भीमरावांनी शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं : 'वापरणाऱ्याची हरकत. तांत्रिक कारण दिलेले नाही.'

तीस दिवस संपले. सरासरी निघाली नऊ मिनिटं दहा सेकंद. ही सरासरी त्या रविवारी त्यांनी अंदाजाने सांगितलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळली, याचं त्यांच्याखेरीज कुणालाही नवल वाटलं नाही. मेमरी वाढवावी, असा निर्णय झाला. त्या दिवशी राधाबाईंनी केलेल्या चहात साखर नव्हती.

नारायण पेठेत श्रीधर परचुऱ्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. परचुरे भीमरावांच्याच वयाचे, त्यांच्या खांद्याला लागतील एवढे. डोक्यावर मोजके केस होते आणि त्यांची ते फार काळजी घेत.

"नव्व्याण्णव सालच्या मशीनसाठी रॅम हवी आहे," भीमराव म्हणाले.

"मशीन अजून आहे?"

"आहे."

"म्हणजे वापरता, की नुसतं आहे?"

"रोज वापरतो."

"जुन्या मशीनला आम्ही शक्यतो सहानुभूतीच देतो," परचुरे म्हणाले. पण ते उठले. स्टुलावर चढून त्यांनी वरच्या खणात शोधाशोध केली आणि धुळीने माखलेलं एक चंदेरी पाकीट काढलं. "दोनशे छप्पन. शेवटचं आहे. नशीबवान आहात, किंवा उलट." मग खाली उतरून त्यांनी खिशातला प्लॅस्टिकचा कंगवा काढला, केसांवरून दोनदा फिरवला आणि त्याच हाताने पाकिटातली हिरवी पट्टी बाहेर काढली.

"थांबा," भीमराव म्हणाले. आवाज चौतीस वर्षांचा होता. "खाली ठेवा. हळूच."

परचुऱ्यांनी पट्टी काउंटरवर हळूच ठेवली आणि मागे सरकले. मग आपण का सरकलो हे त्यांना कळेना.

"केसांतून कंगवा फिरवला की अंगात वीज साठते," भीमराव म्हणाले. "आमच्या कारखान्यात दारूच्या खोलीत शिरण्याआधी माणूस तांब्याच्या पत्र्यावर उभा राहायचा. अंगातली वीज जमिनीत उतरली की मग आत. अंगावर सुती कपडे. नायलॉन नाही, टेरिलीन नाही, धातूची वस्तू नाही."

"अहो, ही रॅम आहे. बॉम्ब नाही."

"ते विजेला कुठे माहीत? पाकिटावर काय छापलंय ते वाचा."

परचुऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाकीट डोळ्यांजवळ नेलं. बारीक इंग्रजी अक्षरांत तेच छापलं होतं. हात लावण्याआधी अंगातली वीज उतरवा. ते दोनदा वाचून त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "पंधरा वर्षं विकतोय," ते हळूच म्हणाले. "हे आजवर कुणी वाचलेलं नाही."

"मग कुणीतरी वाचावं म्हणूनच छापलं असेल."

"किती खराब निघाल्या माझ्या हातून, आणि मी कंपनीला शिव्या देत बसलो." परचुऱ्यांच्यातला दुकानदार मागे पडला होता आणि निव्वळ कुतूहल पुढे आलं होतं. "असं करा, ही मी स्वतः येऊन बसवतो. शनिवारी. एकदा नियमाने करून बघू या काय होतं ते. तुमच्याकडे तांब्याचा पत्रा आहे?"

"होईल," भीमराव म्हणाले आणि तिथून थेट तांबट आळीत गेले.

"काय करायचंय पत्र्याचं?" तिथल्या कारागिराने हातोडी न थांबवता विचारलं.

"उभं राहायचंय."

कारागिराने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग जाड लागेल."

शनिवारी सकाळी मेश्रामांच्या घराला कारखान्याची कळा आली. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पत्रा पसरला होता. पत्र्याला जोडलेली तार गॅलरीतून निघून तीन मजले खाली अर्थिंगच्या पट्टीपर्यंत गेली होती. वाटेत ती तळमजल्यावरच्या चंपाबाईंच्या खिडकीवरून गेली होती. दारावर पुठ्ठ्याची पाटी होती : 'सावधान. काडेपेटी, धातूच्या वस्तू व नायलॉनचे कपडे बाहेर ठेवावेत. अंगातील वीज उतरवूनच आत यावे.'

परचुरे दाराशी थांबले. पाटी त्यांनी मन लावून वाचली. "माझा शर्ट टेरिकॉट आहे," ते म्हणाले.

"आणि पँट?"

"पँटही."

"पट्ट्याला बक्कल दिसतंय."

दहा मिनिटांनी परचुरे बनियनवर होते आणि खाली भीमरावांचा सुती पायजमा होता. भीमराव सहा फुटी असल्याने पायजम्याचा बराचसा भाग परचुऱ्यांच्या मागून चालत होता. ते पत्र्यावर पाऊल टाकणार एवढ्यात भीमरावांचं लक्ष नाड्याच्या टोकाकडे गेलं. नाडा ओवायला सोपं जावं म्हणून राधाबाईंनी त्याला कायमची एक सेफ्टी पिन लावून ठेवली होती.

"धातू," भीमराव म्हणाले आणि त्यांनी पिन काढून घेतली. पिन निघताच नाडा सुर्रकन नेफ्यात गेला. परचुऱ्यांनी पायजमा वेळेवर पकडला.

"आता?" पायजमा मुठीत धरून ते म्हणाले.

"आता बसवा."

"कशी बसवू? रॅम दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबावी लागते. एका बाजूने दाबली की मोडते. आणि माझा एक हात कामात आहे."

"मग मी बसवतो." भीमराव पत्र्यावर चढले. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या चष्म्याची काडी धातूची आहे. नियम त्यांनीच लिहिला होता. त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, झाकण काढून ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डबीत वाकून बघितलं आणि ते सरळ उभे राहिले. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले.

मग दोघांनीही एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे राधाबाई उभ्या होत्या. अंगावर सुती लुगडं, पायात काही नाही, डोळ्यांवर चष्मा नाही.

"मी?" त्या म्हणाल्या.

"पाटल्या काढाव्या लागतील," भीमराव म्हणाले.

त्या पाटल्या भीमरावांच्या निवृत्तीच्या वेळी केलेल्या होत्या आणि तेव्हापासून हातातून निघाल्या नव्हत्या. साबण लावून, ओढून, पुन्हा साबण लावून त्या निघायला सात मिनिटं लागली. मग राधाबाई पत्र्यावर चढल्या. नको असलेलं काम आपल्याच हातून होणार, याचं वाईट वाटायला त्यांना फुरसत मिळाली नाही, कारण डबीच्या आत बघितल्यावर त्यांनाही उत्सुकता वाटायला लागली. इतकी वर्षं रोज घरघर करणारी वस्तू आतून त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

"एवढंसं असतं होय सगळं?" त्या म्हणाल्या. "कुठे दाबू?"

"ती लांब खाच दिसते? तिच्यात उभी धरा," परचुरे पायजमा सावरत म्हणाले. "दोन्ही अंगठे दोन टोकांना. एकदम दाबा. टक् असा आवाज आला की बसली. आणि काढायची असली की बाजूचे ते दोन पांढरे कान बाहेर सारायचे, आपोआप वर येते."

"काढायची कशाला?" भीमराव म्हणाले.

"सांगून ठेवतो. कारण ज्याला घालता येतं त्याला काढताही यावं."

नेमक्या त्याच वेळी चंपाबाई जिन्यात होत्या. आपल्या खिडकीवरून तार का जाते हे विचारायला त्या थोड्या वेळापूर्वी एकदा वर आल्या होत्या. दारावरची पाटी त्यांनी वाचली होती. दाराच्या फटीतून एक अनोळखी माणूस बनियनवर उभा असलेला त्यांनी बघितला होता. मेश्राम कुठल्या कारखान्यातून निवृत्त झाले हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. चंपाबाईंनी दोन आणि दोन चार केले आणि सेक्रेटरी महिपती काळभोरांना बोलावून आणलं. काळभोर येताना तळमजल्यावरची आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली घेऊन आले.

आतून 'टक्' असा आवाज आला. चंपाबाई तीन पायऱ्या मागे गेल्या. काळभोर बादली पुढे धरून आत घुसले.

"मेश्रामसाहेब, काय केलंत तुम्ही?"

"मेमरी वाढवली."

काळभोरांनी पायजमा धरून उभ्या असलेल्या परचुऱ्यांकडे बघितलं. "कुणाची?"

"कॉम्प्युटरची," भीमराव म्हणाले. मग त्यांची नजर बादलीवर गेली. चष्मा नसल्याने त्यांनी वाळूत बोटं घालून बघितलं. "ही ओली आहे, काळभोर. आगीसाठी कोरडी वाळू ठेवतात. सोमवारपर्यंत बदलून घ्या."

"बरं," काळभोर म्हणाले. आपण इथे कशासाठी आलो होतो हे त्यांना नंतर जिना उतरताना आठवलं.

भीमरावांनी चष्मा लावला आणि बटण दाबलं. मशीन एकदाच घरघरलं. निळं चित्र आलं आणि गेलं. वाळूचं घड्याळ दिसलं न दिसलं. अठ्ठावन्न सेकंद. परचुऱ्यांनी भरल्या आवाजात "वा" म्हटलं. एवढ्या जुन्या मशीनने असा मान राखलेला त्यांनी आजवर बघितला नव्हता. टाळी वाजवायची त्यांना फार इच्छा झाली होती, पण हात मोकळा नव्हता.

रविवारी सकाळी साडेसातला भीमरावांनी बटण दाबलं. आत राधाबाईंनी आधण ठेवलं. पाण्याला बुडबुडे येण्याआधी भीमरावांनी कल्याणीची मेल वाचली होती. चहा पावडर पडेपर्यंत उत्तर लिहून झालं होतं. राधाबाई कपबशा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मशीन बंद होतं, खुर्ची रिकामी होती आणि गॅलरीतून भीमरावांचा आवाज येत होता. ते खाली टाकीच्या झाकणाविषयी कुणाला तरी काही समजावत होते. राधाबाईंनी एका कपावर बशी झाकली आणि दुसऱ्या कपातला चहा उभ्यानेच प्याला. त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. सोमवारी तेच झालं, मंगळवारी तेच.

अनिरुद्धला त्या रविवारी यायला जमलं नाही. तो पुढच्या रविवारी आला आणि आल्या आल्या त्याने बटण दाबून बघितलं. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मग त्याला टेबलावर रजिस्टर दिसलं. बाबांनी ठेवलेली नोंद म्हणजे मजेची गोष्ट असणार म्हणून त्याने ते उघडलं आणि जेवता जेवता मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"तारीख तीन. नऊ मिनिटं पाच सेकंद. शेरा : पंख्याचा आवाज येतो." तो हसला. "तारीख सात. नऊ मिनिटं वीस सेकंद. शेरा : चहात आलं. कल्याणी झाली त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो, हे राधाला अजून आठवते." त्याने वर बघितलं. भीमराव ताटात बघत होते. "तारीख बारा. नऊ मिनिटं पंधरा. राधाचा गुडघा. डावा. तारीख सोळा. आठ मिनिटं पंचावन्न. राधा लहानपणी वैनगंगेत पोहत असे. मला माहीत नव्हते. तारीख एकवीस. नऊ मिनिटं दोन सेकंद. दोघे फार हसलो. कारण नोंदवले नाही."

"पुरे," भीमराव म्हणाले.

पण अनिरुद्धने पान उलटलं होतं. "अठ्ठावन्न सेकंद. शेरा नाही. सत्तावन्न सेकंद. शेरा नाही. अठ्ठावन्न. शेरा नाही." पुढेही तसंच होतं, रोजचं. त्याने रजिस्टर मिटलं. "बाबा, हे मशीनचं रेकॉर्ड आहे?"

"भात घे," भीमराव म्हणाले.

स्वयंपाकघरात राधाबाईंच्या हातातली वाटी बराच वेळ तशीच राहिली होती.

संध्याकाळी विहारात वंदना असायची. भीमराव पांढरा सदरा घालून तयार झाले. "चल," ते म्हणाले.

"तुम्ही जा. माझा गुडघा धरलाय."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

"बोलली नाहीस."

"कधी बोलू?" राधाबाई म्हणाल्या. हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, नुसतं विचारलं. भीमराव एकटेच गेले. वंदनेत त्यांचं लक्ष लागलं नाही. शेरा नसलेली नोंद म्हणजे तपासनिसाने बघितलंच नाही, असं ते चौतीस वर्षं हाताखालच्या लोकांना सांगत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सोमवारी ते साडेपाचलाच उठले. राधाबाई झोपल्या होत्या. त्यांनी रजिस्टर बाजूला ठेवलं, डबीचं झाकण काढलं, चष्मा काढून नियमाप्रमाणे खिडकीत ठेवला आणि अजून तिथेच पसरलेल्या पत्र्यावर पाऊल टाकलं. दोन पांढरे कान बाहेर सारायचे, आपोआप वर येते, हे परचुऱ्यांचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटांनी चाचपलं. लांब खाच लागली. ती रिकामी होती. दोन्ही कान आधीच बाहेर सारलेले होते.

ते नीट उभे राहायला गेले तेव्हा पायाखाली काहीतरी टोचलं. त्यांनी वाकून उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. दोन पाटल्या होत्या. त्यांना साबणाचा वास येत होता.

भीमराव त्या हातात घेऊन थोडा वेळ पत्र्यावरच उभे राहिले. गुडघा धरलेला असताना ही बाई एकटी पत्र्यावर चढली होती, आणि त्याआधी साबण लावून नियम पाळला होता. असा माणूस त्यांना आख्ख्या विभागात कधी मिळाला नव्हता. त्यांनी झाकण पुन्हा बसवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पाटल्या चहाच्या डब्याशेजारी ठेवल्या. डब्यामागे चंदेरी पाकीट उभं होतं, तोंड नीट दुमडलेलं. जागा कोरडी होती, उन्हापासून दूर होती. साठवण योग्य आहे, असं त्यांनी मनातल्या मनात नोंदवलं आणि ते जाऊन पुन्हा आडवे झाले.

साडेसातला त्यांनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, गप्प झालं, पुन्हा घरघरलं. आतून डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. तीन मिनिटं झाली, चार झाली. राधाबाई कपबशा घेऊन बाहेर आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. पाटल्या त्यांच्या हातात होत्या. पडद्यावर वाळूचं घड्याळ होतं.

"वेळ लागतोय आज," राधाबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

"लागतोय खरा."

"मेमरी गेली असेल का?"

"शक्य आहे. जुना माल होता."

राधाबाईंनी चहाचा एक घोट घेतला. "परचुऱ्यांना फोन करायचा?"

"असं लगेच करता येत नाही," भीमराव म्हणाले. "आधी तीस दिवस निरीक्षण."

"तीस पुरतील?"

"नाही पुरले तर मुदत वाढवून घेता येते." त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, तारीख घातली आणि पेन रुंद रकान्यावर नेऊन थांबले. "हं. आता गुडघ्याचं सांग."